मागचं डावं चाक

गाडी आम्ही २०२४ च्या पाडव्याला घेतली, ९ एप्रिलला. शोरूममधनं थेट सांगलीच्या गणपतीला, तिथनं घरी, आप्पांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, मी नारळ फोडला, सगळं रीतीनं झालं. आणि दिवाळी होऊन आठवडा व्हायच्या आत ह्याच गाडीचं मागचं डावं चाक चार वेळा बसलं. चारही वेळा तेच. बाकीच्या तीन चाकांना काही म्हणजे काही नाही. लोक म्हणायचे नशीब, कुणी म्हणायचं कंपनीचे टायरच हलके असतात आजकाल, एका मैत्रिणीनं तर दृष्ट काढायला सांगितली (काढली मी, खोटं कशाला बोलू). पण खरं कारण सापडायला आम्हाला चार महिने लागले आणि ते घरापासून वीस पावलांवर होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी गाडी का घेतली ते सांगते म्हणजे जीव का टांगणीला लागायचा ते कळेल. आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आठवड्यातनं दोनदा डायलिसिस असतं मिरजेत, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहाचा नंबर. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आमचे हे पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार येतात. दीड वर्ष रिक्षानं ने-आण केली पण डायलिसिस झाल्यावर माणूस पार पिळून काढल्यासारखा होतो, पायात त्राण नसतं, आणि त्यात पावसात रिक्षाची वाट बघत भिंतीला टेकून उभे असलेले आप्पा बघवेनात, मग कर्ज काढून गाडी घेतली आणि मी एकेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले. गाडी बंद पडली की आप्पांचा नंबर हुकला, इतकं सरळ आहे ते आमच्याकडं. आणि आप्पा स्वतः ३२ वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते, त्यामुळं गाडीतलं त्यांना सगळं कळतं, फक्त आता ते स्वतः चालवू शकत नाहीत.

पहिलं पंक्चर जुलैत. सकाळी खाली येऊन बघते तर चाक जमिनीला टेकलेलं. ट्यूबलेस टायर एकदम फुस्स होत नाही, खिळा आत असतो तोवर तोच बुचासारखा बसतो आणि हवा रात्रभर हळूहळू जाते. कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा पंप घेऊन आला, त्यानं हवा भरली, मी गाडी शंभर फुटी रोडला नेली, तिथल्या माणसानं पकडीनं स्क्रू ओढला, सुईनं भोकात स्ट्रिप, म्हणजे रबराची चिकट पट्टी, मारली, १०० रुपये घेतले, पाच मिनिटांत मोकळी. स्क्रू मी रुमालात गुंडाळून घरी आणला कारण आमच्या पोराला असलं सामान गोळा करायचा नाद आहे, सहावीत आहे तो, त्याच्या जुन्या कंपासपेटीत बेअरिंगचे छर्रे, नट, कुलपाच्या किल्ल्या असं काय काय असतं. त्यात हा स्क्रू गेला. तो गेला म्हणून पुढचं सगळं कळलं, नाहीतर आजही मी पंक्चरच काढत बसले असते.

दुसरं गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. ह्यावेळी चाक पूर्ण बसलं नव्हतं, नुसतं मऊ वाटत होतं. सर्व्हिसिंगची तारीख आलीच होती म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली आणि सांगितलं की बाबांनो, मागचं डावं चाक हवा सोडतंय, नीट बघा. संध्याकाळी गाडी परत दिली, कागदावर 'टायर ओके' असं लिहिलेलं, आणि बिलात नायट्रोजन भरल्याचे पैसे. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक परत खाली. ह्याचा मला अजून राग येतो. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो भरा नाहीतर साधी हवा भरा, टायरला भोक असेल तर दोन्ही बाहेरच जाणार. त्यांना फक्त साबणाचं पाणी मारून बघायचं होतं, दोन मिनिटांचं काम. मी परत शंभर फुटी रोडला गेले, त्या माणसानं साबणाचं पाणी मारलं, नक्षीच्या खाचेत बारीक बुडबुडे यायला लागले, आत स्क्रू, डोकं घासून घासून चकचकीत झालेलं. परत स्ट्रिप, परत १०० रुपये, परत स्क्रू कंपासपेटीत.

तिसरं मात्र मी कधी विसरणार नाही.

दसऱ्यानंतरचा मंगळवार, १५ ऑक्टोबर. पहाटे सहाला निघालो, अजून नीट उजाडलं नव्हतं. विजयनगर गेलं आणि आप्पा म्हणाले, "गाडी डावीकडं बसल्यागत वाटतीया गं." मला काहीच कळत नव्हतं, मागचं चाक असलं की स्टिअरिंगला फारसं जाणवत नाही. वानलेसवाडी ओलांडली आणि मागनं फट् फट् फट् आवाज सुरू झाला. मी बाजूला घेतली, उतरून बघितलं, टायर पार रिमवर. सव्वासहा वाजलेले. हॉस्पिटल दीड-दोन किलोमीटर असेल. रस्त्यावर एक रिक्षा दिसेना. आप्पांना त्या दिवशी आधीच धाप लागत होती, सोमवारी रात्रभर उशा लावून बसून होते. आप्पा म्हणाले, "चालवू नको, टायर कापंल." आणि ३२ वर्षं ज्या माणसानं प्रवासी भरलेली गाडी चालवली त्याचं ऐकायला पाहिजे हे मला कळत होतं. मी म्हटलं, "आप्पा, टायर विकत मिळतोय." पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, हॅझर्ड लावून, तशीच नेली. आप्पा सगळा रस्ता काही बोलले नाहीत, नुसता माझ्या सीटवर हात ठेवून बसले होते. साडेसहाला आम्ही दारात होतो. तो टायर त्यानंतर गेला, पण त्या सकाळी मी केलं ते परत करीन.

आप्पा आत गेले, चार तास. माझ्याकडं चार तास आणि बसलेलं चाक. स्टेपनी मी आयुष्यात कधी बदलली नव्हती. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं आणि एकेक वाचत गेले. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, पुढच्या उजव्या चाकाला दगड लावायचा. नट आधी ढिले करायचे, गाडी जमिनीवर असतानाच, कारण जॅकवर उचलली की चाक फिरतं आणि नट निघत नाहीत. आता सर्व्हिस सेंटरवाले नट हवेच्या मशीननं आवळतात, ते माझ्यानं तसूभर हलेनात. दोन्ही हातांनी लटकले तरी नाही. तिथला वॉचमन लांबनं बघत होता, तो आला आणि म्हणाला, "ताई, हातानं न्हाई व्हायचं ते. पाना आडवा लावा आन् त्याच्यावर उभं ऱ्हावा." मी पान्यावर उभी राहिले, एका हातानं गाडीचं छत धरून, आणि करकच् असा आवाज होऊन पहिला नट सुटला. काय वाटलं सांगू! मग बाकीचे तीन. जॅक कुठंही लावायचा नाही, दाराखाली पत्र्याच्या कडेला खाच असते तिथंच लावायचा, नाहीतर पत्रा चेपतो. स्टेपनी आमच्या गाडीला बारकी आहे, साध्या लोखंडी डिस्कची, तिच्यावरच ८० च्या वर पळवू नका असं लिहिलंय. आणि तिच्यातपण हवा कमी होती, सहा महिन्यांत कुणी बघितलीच नव्हती, मीपण नाही. हे वाचणाऱ्यांनी आजच जाऊन स्टेपनीची हवा बघा, कृपा करून.

हॉस्पिटलजवळच्या दुकानात टायर दिला. त्यानं रिमवरनं न काढताच स्क्रू ओढला, स्ट्रिप मारली, हवा भरली, चाक परत लावलं. मला तेव्हा माहीत नव्हतं की बसलेल्या टायरवर गाडी चालवली असेल तर तो उघडून आतनं बघायलाच पाहिजे. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे दर दोन दिवसाला हवा चार-पाच पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी व्हायची. ३३ भरायची, परवा २८. मी रोज सकाळी झाडलोट करायच्या आधी खाली जाऊन चाकाला अंगठा लावून बघायचे. रात्री झोपेत पण चाकच दिसायचं. दोन दुकानांत दाखवलं, दोघं म्हणाले पंक्चर नाही. एकानं आत हिरवं लिक्विड भरा म्हणून सांगितलं, भोक आपोआप बंद होतं म्हणे. आणि शुक्रवारी, ८ नोव्हेंबरला, सकाळी चाक पार जमिनीवर. आप्पा शेजारच्यांच्या स्कूटरवर बसून नाक्यापर्यंत गेले आणि तिथनं रिक्षानं. मी पार्किंगमध्ये उभी राहून रडले.

मग आमच्या दिरांनी, ते कुपवाड एमआयडीसीत लेथवर असतात, त्यांच्या ओळखीच्या एका पंक्चरवाल्या मामांकडं पाठवलं. माधवनगर रोडला छोटं दुकान, बाहेर जुन्या टायरची चवड, आत एक सिमेंटचा हौद. मामा साठीचे असतील. त्यांनी हात लावायच्या आधी सगळं विचारून घेतलं, पहिलं कधी, कुठं, कोणी काढलं, बसल्यावर चालवली का. मी खरं सांगितलं, दोन किलोमीटर. ते काही बोलले नाहीत. चाक हौदात बुडवलं, हळूहळू फिरवलं. एका स्ट्रिपच्या कडेनं बारीक मोत्यासारखे बुडबुडे. थोडं पुढं अजून एक स्क्रू, हा चौथा. मग त्यांनी टायर रिमवरनं काढला, आत हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली.

तळहातावर काळी पावडर होती. मऊ, काजळासारखी.

"हे रबर हाय ताई. टायरचंच. बसल्या टायरवर गाडी चालली की बाजूची भिंत दुमडती, आतल्या आत घासती, तिचा असा भुगा होतो." त्यांनी टायर उजेडात धरला, आत सगळीकडनं एक खरखरीत पट्टा गेलेला, भाजल्यासारखा, आणि एका ठिकाणी दोऱ्याचे तंतू दिसत होते. बाहेरनं तोच टायर नवाकोरा, रबराचे केससुद्धा अजून कुठं कुठं शिल्लक. "ह्याला काय करता येतं?" विचारलं. "काय न्हाई. खालच्या पट्ट्यात भोक असतंय तर आतनं मशरूम पॅच लावला असता, टायर संपस्तोवर चालला असता. बाजूच्या भिंतीला इलाज न्हाई. आणि ह्याच्यावर म्हाताऱ्या माणसाला घिऊन फिरू नका." लिक्विडचं विचारलं तर म्हणाले, त्यानं भोक लपतं, कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याचीच मला भीती वाटते.

नऊ हजार किलोमीटर चाललेला टायर. वॉरंटीचं विचारायला गेले, तर टायरची वॉरंटी गाडीच्या कंपनीची नसतेच, टायरच्या कंपनीची असते, आणि ती बनवण्यातल्या दोषाला असते, खिळ्याला नाही. हे मला पटलं, त्यात त्यांची चूक नाही. इन्शुरन्समध्येही नुसता टायर गेला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही, अपघातात गाडीबरोबर टायरचं नुकसान झालं तरच मिळतं आणि तेही निम्मं. टायरचं वेगळं कव्हर जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं आणि त्यातही पंक्चर बहुतेक धरत नाहीत. नवीन टायर घेताना मामांनी शिकवलं ते सांगते, टायरच्या बाजूला DOT च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पहिल्या दुकानात मला दाखवला त्याच्यावर ४८२२ होतं, म्हणजे २०२२ चा अठ्ठेचाळिसावा आठवडा, दोन वर्षं रॅकवर पडलेला. नको म्हटलं. दुसरीकडं ३५२४ चा मिळाला, ५,४०० रुपये. जुना टायर मी मामांकडंच ठेवला, कापून ठेवा म्हटलं, कुणी परत स्ट्रिप मारून विकायला नको.

टायर बसवता बसवता मामांनी विचारलं, "आधीचे खिळे कुठायत?" मी म्हटलं पोराकडं आहेत. "घिऊन या."

संध्याकाळी पोरगा कंपासपेटी घेऊन माझ्याबरोबर आला. मामांनी आजचा स्क्रू आणि आधीचे तीन कपड्यावर ओळीनं मांडले. चारही एकसारखे. षटकोनी डोकं, एकाच्या खाली रबराच्या काळ्या वॉशरचा तुकडा अजून चिकटलेला, आणि टोक ड्रिलसारखं. "खिळा न्हाई हा. पत्र्याचा स्क्रू हाय, शेड मारत्यात तेचा. रस्त्यावर फिरताना असा चारदा एकच माल लागत न्हाई कुणाला. तुमच्या शेजारी कुणी शेड मारलंय का?"

मारलं होतं की. आमच्या शेजारच्या बिल्डिंगवर, जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर घाईघाईनं, अख्ख्या गच्चीवर निळे पत्रे.

पण मग डावं मागचंच का? गल्लीत गाड्या काय कमी आहेत? आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते पलंगावर उठून बसले. म्हणाले, सकाळी मला खाली घिऊन चल. दुसऱ्या दिवशी खुर्ची टाकून गेटजवळ बसले आणि पोराला दिवाळीतली उरलेली पांढरी रांगोळी आणायला लावली, गेटच्या डाव्या कोपऱ्यावर पट्टा मारायला लावला, आणि मला म्हणाले, रोज घेतीस तशी गाडी आत घे. मी घेतली. उतरून बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाचा ठसा पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला आणि मागच्या डाव्याचा चांगला हातभर आत, अगदी गटारीच्या कडेला. वळताना मागचं चाक पुढच्याच्या वाटेनं जात नाही, आतनं कापत जातं. एसटीच्या लांब गाडीत हे ध्यानात ठेवलं नाही तर मागचं चाक फूटपाथवर चढतं, आप्पांनी ३२ वर्षं तेच सांभाळलं होतं. गच्चीचं पाणी त्या बिल्डिंगच्या पाइपातनं त्याच गटारीच्या कडेला पडतं, पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर वरचा कचरा खाली, आणि कोपऱ्यावर वाळूचा थर साचलेला. मी रोज दोनदा, कधी चारदा, मागचं डावं चाक नेमकं त्या वाळूवरनं घेत होते.

दिरांनी वर्कशॉपमधलं मोठं चुंबक आणून दिलं, लेथचा बर, म्हणजे लोखंडाचा कीस, गोळा करायला वापरतात ते. दोरी बांधून पोरानं आणि गल्लीतल्या चार पोरांनी रविवारी सकाळी कोपरा पिंजून काढला. चुंबक वाळूतनं फिरवलं की काळी बारीक रेती केसांसारखी उभी राहायची आणि मधेच टक् करून स्क्रू चिकटायचा. टक्. टक्. सदतीस निघाले. एका कोपऱ्यातनं सदतीस. शिवाय तारेचे तुकडे, एक दाढीचं अर्धं ब्लेड.

शेजारच्या काकूंकडं जायला मला अवघड वाटत होतं, आप्पा आजारी असताना ह्याच काकू आमच्यासाठी रोज ताक पाठवायच्या. स्क्रूंचा डबा घेऊन गेले आणि काही न बोलता टीपॉयवर ठेवला. काकूंनी बघितलं, आधी कळेना, मग कळलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी आप्पांना स्कूटरवरनं जाताना मी गॅलरीतनं बघितलं होतं गं." त्यांनी तिथंच शेड मारणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन लावला. तो संध्याकाळी आला, म्हणाला झाडून घेतलं होतं, पण गच्चीवर गेल्यावर पाण्याच्या पाइपाच्या तोंडाशीच अजून ओंजळभर पडलेले दिसले, तेव्हा गप्प झाला. त्यानं सगळं वेचलं, पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली आणि माझ्या हातात ५०० रुपये द्यायला लागला. मी घेतले नाहीत. मला पैसे नको होते, मला फक्त त्यानं ते स्क्रू स्वतःच्या डोळ्यांनी बघायला पाहिजे होते.

आणि मग गल्लीतनं एकेक जण सांगायला लागला. शाळेच्या व्हॅनवाल्या दादांचे पावसाळ्यात दोन, समोरच्या सरांच्या स्कूटरचे तीन, दूधवाल्याचं एक. सगळ्यांनी शंभर-शंभर रुपये दिले, स्क्रू दुकानातच टाकला आणि निघून गेले. चार महिने एकाच गल्लीत आम्ही सगळे तेच सोसत होतो आणि एकमेकांना बोललो नव्हतो.

ह्याला आता साडेचार महिने झाले. नवा टायर ठीक आहे. रविवारी सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, मी चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा स्वतः बघते, साडेतीनशे रुपयांचं गेज घेतलंय. आप्पा खुर्चीत बसून वहीत आकडे लिहितात, ३३, ३३, ३२, ३३, एसटीच्या लॉगशीटसारखी तारीख टाकून, आणि शेवटी काठीनं मागच्या डाव्या चाकावर एकदा टक्क करून मारतात आणि कान देऊन ऐकतात.

चुंबक पार्किंगमध्ये खिळ्याला टांगलंय, पोरं महिन्यातनं एकदा फिरवतात. गेल्या रविवारी फक्त एक वस्तू निघाली, चपट्या डोक्याचा आखूड, वाकडा खिळा. पोरगा धावत घेऊन आला, आई परत. आप्पांनी तो हातात घेतला, बोटानं फिरवला आणि म्हणाले, "हा पत्र्याचा न्हाई रे. बैलाच्या नालाचा हाय. कारखान्याला ऊस घिऊन गेलेली गाडी असंल." आणि तो कंपासपेटीत वेगळ्या कप्प्यात टाकला.